खांदा सुटेपर्यंत

आईचा हात मोडला शिरपूरला आणि बरा झाला धुळ्याला. आमच्याकडे लोक अजून म्हणतात की धुळ्याच्या हवेनं गुण आला. हवेचा काही संबंध नव्हता. मी तेव्हा धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, दुपारची ड्यूटी असायची, सकाळ मोकळी असायची, आणि आईला रोज सकाळी हात धरून नेणारी मीच होते. म्हणून जे झालं ते मला माहीत आहे.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर आई चोपड्याकडच्या एका लग्नाला गेली होती. वऱ्हाड टेम्पोनं परत आलं. गल्लीच्या तोंडाशी उतरताना साडीचा काठ टेम्पोच्या फळीत अडकला आणि ती पुढे पडली. पडताना माणूस हात टेकवतोच. तिनं उजवा टेकवला. मनगट तिथल्या तिथे वाकडं झालं. वडिलांनी डोक्याचा रुमाल सोडून तिच्या हाताला गुंडाळला आणि तसंच दवाखान्यात नेलं. मला हे शिरपूरच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीकडून कळलं. ती कामाच्या मधेच लाइनवर आली आणि म्हणाली, "घाबरू नको, पण तुझ्या आईच्या हाताला प्लास्टर घातलंय."

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात जपा. आईनं हा शब्द अगदी मनावर घेतला. आमच्याकडे जपणं म्हणजे न हलवणं. जुन्या साडीची झोळी करून तिनं हात छातीशी घट्ट बांधला, तो दीड महिना सोडलाच नाही. बघायला येणारी प्रत्येक बाई सांगून जायची, "हालवू नको हं, अक्का, हाड सरकी जाई." बोटंसुद्धा हलवायची नाहीत, अशी आईची समजूत झाली. खांदा तर कुणाच्या डोक्यातही नव्हता. मोडलं होतं मनगट, खांद्याचा काय संबंध?

प्लास्टर कापलं त्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेले होते. आतून निघालेला हात आईचा वाटेना. बारीक, फिकट, कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि बोटं मात्र सुजून टणक झालेली. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरून दाखवला. हाड छान जुळलं होतं. आईनं हात उचलून बघितला. कोपर शरीरापासून जेमतेम वीतभर लांब झालं आणि तिथेच अडकलं.

"हाड जुडी गयं," ती म्हणाली, "मंग हात काब्र उठत नही?"

"हळूहळू वापरायला लागा, होईल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दाराशी पेशंटची रांग होती.

आईनं वापरून पाहिला. दुखलं, तेव्हा तिनं थांबवला. थांबवला म्हणून आणखी आखडला. मग तेल चोळून झालं, पाला शेकून झाला. कुणीतरी एका खेड्यातल्या हात ओढणाऱ्या माणसाकडे नेलं. तो नावाजलेला होता, त्याच्या हातानं बरी झालेली कितीतरी जणांची दुखणी लोक सांगत होते. त्यानं आईचा हात धरून एक झटका दिला. त्यानंतर कित्येक दिवस तिला त्या कुशीवर झोपता आलं नाही आणि कुणी नुसतं जवळ आलं तरी ती डावा हात आडवा धरायची.

या सगळ्यात तिला सर्वांत जास्त लागलं ते केसांचं. तिला वेणी घालता येत नव्हती. मी धुळ्याला, घरात दुसरी बाई नाही. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. नट-बोल्ट पिळून पिळून त्यांची बोटं जाड झालेली. तेच रोज सकाळी मागच्या पडवीत बसून तिचे केस विंचरायचे आणि कसातरी अंबाडा बांधायचे. मी एकदा अचानक गेले तेव्हा ते बघितलं. आई पाठमोरी बसली होती, पदर तोंडावर धरलेला. वडील म्हणाले, "हाऊ बघ, आज चांगला बसना." अंबाडा एका बाजूला कलला होता. मी स्वयंपाकघरात गेल्यावर आई माझ्यामागे आली आणि म्हणाली, "मन्हा हात आते मन्हा नही राह्यना."

तिचा हात म्हणजे काय होता हे सांगायला हवं. आई मांडे करायची. पुरणाची पोळी सगळीकडेच करतात, पण आमच्याकडे ती खापरावर होते. चुलीवर मोठं मातीचं खापर उलटं घालायचं. कणीक सैल भिजवून, आपटून आपटून तिला तार आणायची. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर लाटायचा नाही, हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर झेलत, तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत पसरवत न्यायचा आणि एका क्षणी अख्खा मांडा न फाटता खापरावर उतरवायचा. गल्लीत लग्न असलं की खापराजवळची जागा आईची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली आमच्या घरी डोकावून विचारायच्या, मांडे कधी करणार. आणि आखाजी महिन्या-दीड महिन्यावर आली होती.

मी तिला धुळ्याला घेऊन आले. हाडांच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिचा हात सगळीकडून फिरवून पाहिला, म्हणजे जेवढा फिरत होता तेवढा, आणि म्हणाले, "मनगट आखडलंय, पण खरी गोची खांद्यात आहे. खांदा पार जाम झालाय. इथे औषधाचं काम थोडं, व्यायामाचं जास्त. फिजिओथेरपी करावी लागेल."

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एका बाईंनी नुकतंच ते सुरू केलंय, एवढं त्यांनी सांगितलं.

रिक्षात आई म्हणाली, "तठे करंट लावतस म्हणे."

"कोण म्हणे?"

"बाहेर बसेल बाई म्हणे. मले नही जानं."

मी म्हटलं, करंट लावला तर आपण उठून येऊ. तिला ते पटलं.

बाईंचा दवाखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दोन बाकं. आतल्या खोलीत एक उंच कॉट, भिंतीला खालून वरपर्यंत खाचा पाडलेली लाकडाची पट्टी, दाराच्या चौकटीला कप्पी आणि तिच्यातून सोडलेली दोरी, आणि कोपऱ्यात पातळ मेणानं भरलेली एक पेटी. बाई तिशीच्या आतल्याच असतील. मूळच्या कोकणातल्या, नवरा इथल्या कॉलेजात शिकवायचा म्हणून धुळ्यात आलेल्या. पांढरा कोट साडीवर घातलेला. त्यांनी आईला कॉटवर बसवलं आणि आधी चांगला हात हातात घेतला. तो सगळीकडून फिरवला, मग दुखरा. दोन्हींतला फरक बघत होत्या. आईनं सवयीनं डावा हात आडवा धरला.

"मी ओढणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही थांब म्हणालात की थांबणार."

"थांब," आई लगेच म्हणाली.

बाई खरंच थांबल्या. हात सोडून दिला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. आईला याची सवय नव्हती. थोड्या वेळानं तिनं स्वतःच हात पुढे केला.

मग बाईंनी समजावून सांगितलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, हात हलता राहिला की ती सैल राहते. महिनोन्महिने हात बांधून ठेवला की ती आक्रसते. "चप्पल पावसात भिजली आणि तशीच कोपऱ्यात वाळली तर कशी होते? कडक. ती एकदम वाकवली तर तुटेल. थोडी थोडी वाकवत गेलं तर पुन्हा पायात बसेल." शेक द्यायचा तो फक्त नरम करण्यासाठी. खरं औषध हलवणं, आणि ते घरी करायचं. इथे येऊन तासभर केलं आणि बाकी दिवस हात पदरात ठेवला तर उपयोग नाही.

"दुखी ना," आई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दुखेल ना, असं विचारतेय.

"दुखेल, मावशी. ताण बसल्यासारखं दुखेल. पण घरी गेल्यावर थोड्या वेळात ते शांत झालं पाहिजे. रात्रभर ठणकलं तर समजायचं आपण जास्त केलं, मग दुसऱ्या दिवशी मला सांगायचं. लपवायचं नाही."

त्या दिवशी सुरुवात मेणापासून झाली. कोमट पातळ मेणात हात बुडवायचा, काढायचा, थिजू द्यायचा, पुन्हा बुडवायचा. हातावर पांढरा मोजा तयार झाला. त्याच्यावर टॉवेल गुंडाळून बाईंनी तिला बसवून ठेवलं. आई टक लावून टॉवेलकडे बघत होती. मोजा सोलून काढला तेव्हा हात लालसर, मऊ झाला होता आणि बोटं आधीपेक्षा बरीच मिटली. आईनं ती पुन्हा पुन्हा मिटून पाहिली. करंटचा विषय तिनं परत काढला नाही.

आई माझ्या खोलीवर राहू लागली. मुलीकडे राहून मुलीच्या हातचं खायचं हे तिला जड जात होतं. सकाळी मी उठायच्या आत डाव्या हातानं झाडून घेतलेलं असायचं. मी हे बाईंना तक्रार म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, उजव्यानं करू द्या. मग त्यांनी आईला घरातलंच काम नेमून दिलं. ओलं फडकं दोन्ही हातांनी पिळायचं, ते मनगटासाठी. कणकेचा गोळा मुठीत दाबायचा, ते बोटांसाठी. कमरेत वाकून, डावा हात स्टुलावर टेकवून उजवा हात खाली मोकळा सोडायचा आणि घंटेच्या लोलकासारखा झुलवायचा, ते खांद्यासाठी. भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची. आणि कपडे वाळत घालायची दोरी सुरुवातीला छातीच्या उंचीवर बांधायची, हात वर जाईल तशी वर सरकवायची. मी भिंतीत खिळ्यांची रांग ठोकली. घरमालकांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं. ते म्हणाले, ठोका.

आईला सुरुवातीला फार लाज वाटायची. वाकून हात झुलवत असताना शेजारची बाई वाटी मागायला आली तर ती घाईनं उभी राहायची आणि काहीतरी शोधत असल्यासारखं करायची. पुढे ती लाज कशानं गेली, तर सेठजींमुळे.

सेठजी आमच्याच वेळेला यायचे. कापडाचे व्यापारी, घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या धुळ्यात. जन्मभर गादीवर मांडी घालून बसले होते आणि आता गुडघे बोलू लागले होते. उतरताना जिना उलटा उतरायचे. बाईंनी त्यांना सांगितलं होतं की दुकानात खुर्चीवर बसा. यावर ते फार दुखावले होते. गादीवर खुर्ची ठेवली तर बाजारात काय म्हणतील? धोतर सावरून ते स्टुलावर बसायचे, पायाच्या घोट्याला वाळूची पिशवी बांधलेली, आणि पाय सरळ करून तसाच धरायचे. धरता धरता आईशी बोलायचे.

"अक्का, मी काय म्हणतो, या बाईंनी गोळी द्यावी ना. शिकलेल्या आहेत. गोळी देत नाहीत, कवायत देतात."

"शाळामा नही करी, आते करी ल्या," आई म्हणाली.

सेठजी इतके हसले की पाय खाली आला. बाई आतून ओरडल्या, "सेठजी, पाय!"

तेव्हापासून दोघांची चढाओढ लागली. आईची बोटं भिंतीवरच्या पट्टीत एक खाच वर गेली की ती सेठजींना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायची. सेठजी दुसऱ्या दिवशी वाळूची मोठी पिशवी मागायचे. लाइट जायची तेव्हा शेकायचं मशीन बंद पडायचं, पंखा बंद पडायचा. बाई स्टोव्हवर पाणी तापवून टॉवेल भिजवायच्या आणि सगळे घाम पुसत व्यायाम करायचे. एक ट्रकड्रायव्हर यायचा, कंबर धरलेली. तो म्हणायचा, इथे आल्यावर आपल्यापेक्षा दुसऱ्याचं दुखणं दिसतं, बरं वाटतं.

हात कपाळापर्यंत आला. मग तिथे अडला. रोज तेवढाच. आई पट्टीजवळ उभी राहून बोटं चढवायची, त्याच खाचेशी खांदा कानाकडे उचलला जायचा आणि हात पुढे सरकायचा नाही. बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, खांदा खाली, मावशी, फसवू नका. आई फसवत नव्हती.

अशातच आखाजी आली. आम्ही शिरपूरला गेलो. गल्लीत झाडाला झोके बांधलेले, मुलींची गाणी चालू. त्या वर्षी आमच्याकडे मांडे करायला माझी चुलती आली. खापर ठेवलं, कणीक आईनंच डाव्या हातानं पाणी घालत सांगून मळून घेतली. चुलतीनं गोळा हातावर घेतला. आई चुलीपाशी पाटावर बसली होती. एक मांडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला आई उठली आणि मागच्या पडवीत गेली. मी गेले तर ती तिथे वाकून उभी होती आणि हात झुलवत होती, जोरानं, दात आवळून.

"माय, इतकं जोरात नको."

"काय फरक पडी राह्यना?" ती म्हणाली. "इतलाच हात मन्हा. बस. मी नही येत आते धुळाले."

जेवताना तिनं हे वडिलांना सांगितलं. वडील आमरस ओरपत होते, त्यांनी आधी वाटी संपवली. हात धुऊन आले आणि म्हणाले, "जिनिंग पावसाळाभर बंद राहस. दसऱ्याले मशीन चालू करतस तवय पयले काय करतस? एकदम पट्टा टाकतस का?"

आई डाव्या हातानं ताटं गोळा करू लागली.

"पयले हातानी चाक फिरावतस. थोडं फिरस, अडकस. मंग तेल. मंग पुन्हा. अडकनं म्हणी कोणी मशीन भंगारमा देत नही." मग आईकडे वळून म्हणाले, "मी खिचडी करी लेस आते. भाकर बी जमस. पातळ नही व्हत, पन जमस. तू जा."

वडील भाकरी थापायला शिकल्याचं आईला पहिल्यांदाच कळलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत आम्ही दोघी होतो. तापीच्या पुलावर तिनं खिडकीबाहेर हात काढला, डावा, आणि नदीत पैसा टाकला.

मी बाईंना घडलेलं सांगून टाकलं. त्यांनी त्या दिवशी मेणाची पेटी उघडली नाही. आईसमोर स्टूल ओढून बसल्या.

"मावशी, इतके दिवस मी तुम्हाला कुठं दुखतं ते विचारलं. हातानं काय करायचंय ते विचारलंच नाही. काय करायचंय?"

आई म्हणाली, "मांडा."

बाईंना मांडा माहीत नव्हता. मी सांगायला लागले, त्यांनी मला थांबवलं. "मावशींना दाखवू दे."

आईनं कॉटवरचा टॉवेल घेतला. उठून उभी राहिली, डोळे थोडे मिटले आणि टॉवेल हातांवर घेऊन दाखवू लागली. डावा हात बरोबर फिरत होता, तळवा वर, तळवा खाली, कोपर पुढे उचललेलं. उजवा त्याच्या मागे मागे धडपडत होता. बाई तिच्याभोवती फिरून सगळ्या बाजूंनी बघत होत्या. मग त्यांनी दुसरा टॉवेल घेऊन स्वतः करून पाहिलं. टॉवेल खाली पडला. सेठजी स्टुलावरून म्हणाले, "फाटला."

"परत दाखवा," बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं त्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "मी हात डोक्याच्या वर नेण्याच्या मागे लागले होते. तो जायला हवाच. पण यांना जास्त हवंय ते कोपर समोर उचलून धरून हात आतबाहेर फिरवणं. आणि तसं धरून ठेवायची ताकद. आपण आता त्या बाजूनं जाऊ."

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम बदलले. झोपून, कोपर अंगाशी ठेवून काठीनं हात बाहेरच्या बाजूला ढकलायचा. लाटणं मुठीत उभं धरून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला पाडायचं. ओला टॉवेल दोन्ही हातांवर पसरून कोपरं समोर उचलून धरायची. आधी कोरडा, मग ओला, मग जाड ओला. बाई तिच्या खांद्याच्या सांध्याला धरून बारीक बारीक हलवायच्या, इतकं बारीक की बघणाऱ्याला वाटावं काही चाललंच नाही. कधी ठणकायचा. मग दुसऱ्या दिवशी कमी करायचं. आई आता लपवत नव्हती, आल्या आल्या सांगायची, "काल जास्त व्हयनं, पोरी." बाईंना ती पोरी कधी म्हणायला लागली ते माझ्या लक्षात आलं नाही. बाईही तोवर शिकल्या होत्या. "आते वर," असं म्हणायच्या, कोकणी हेल काढून, आणि आई खूश व्हायची.

खांदा एका दिवसात सुटला नाही. एखादं दार धक्क्यानं उघडावं तसं काही घडलं नाही. एका सकाळी मी अंघोळ करून आले तेव्हा आई खिडकीशी आरशासमोर उभी होती आणि तोंडात आकडा होता. अंबाडा बांधून झाला होता. तिनं आकडा काढून खोचला, मान हलवून बघितली आणि म्हणाली, "चाल, उशीर व्हई राह्यना." दवाखान्यात शिरल्यावर ती सेठजींकडे पाठ करून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली, त्यांचं लक्ष जाईपर्यंत.

"वा, अक्का," सेठजी म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "मी पण खुर्ची घेतली. दुकानात. गादीच्या शेजारी ठेवलीय. कोणी काही म्हणालं नाही."

पावसाळ्यात एक दिवस बाईंनी कणीक आणायला सांगितली. आईनं घरून भिजवून डब्यात नेली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. आईनं गोळा हातावर घेतला, आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि फिरवायला लागली. मनगटापर्यंत छान आला. पुढे उजव्या बाजूला जाड, डाव्या बाजूला पातळ होत गेला आणि फाटला. ट्रकड्रायव्हर हळहळला. आईनं फाटलेलं गोळा करून पुन्हा मळलं. "कणीकच शे," ती म्हणाली, "फाटस." दुसऱ्यांदा कोपरापर्यंत गेला आणि फाटला. बाई टाळ्या वाजवत होत्या.

पोळ्याला आम्ही शिरपूरला गेलो. गल्लीत बैल रंगवून सजवून आणलेले. मागच्या पडवीत चूल पेटली, खापर ठेवलं. चुलती हात धुऊन तयार होती, पण आईनं तिला पुरण वाटायला बसवलं आणि खापराजवळ स्वतः बसली. पहिला मांडा तिनं मुद्दाम लहान केला. उतरवताना कडेला दुमडला. दुसरा नीट बसला. मग ती नुसती करत राहिली. घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता. मी दर मांड्यानंतर विचारत होते, दुखतंय का. शेवटी ती म्हणाली, "दुखस. तू सरक, धग लागी राह्यनी." आधीच्या वर्षांत ती जितके करायची तितके तिनं केले नाहीत. अर्ध्यात उठली, जागा चुलतीला दिली आणि पडवीच्या पायरीवर बसून हात झुलवत राहिली, सावकाश, बाईंनी सांगितला होता तसा.

दुसऱ्या दिवशी मांड्यांची घडी फडक्यात बांधून मी धुळ्याला नेली. बाईंनी एक उलगडून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "एवढा? हातावर?" सेठजींनी त्यांचा वाटा घरी नेला.

हात पूर्वीसारखा शंभर टक्के झाला असं मी म्हणणार नाही. पाठीमागे कमरेपर्यंत तो कधीच नीट गेला नाही, आणि थंडीत मनगट धरायचं. बाईंनी हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिला त्याचं काही वाटलं नाही. पदर ती डाव्या हातानं मागून घ्यायला शिकली. व्यायाम मात्र तिनं सोडला नाही. पडवीत रोज सकाळी भिंतीवर तिची बोटं चढायची. ती जागा चुन्यावर काळपट झाली.

बदल झाला तो तिच्या बघण्यात. एसटीत, बाजारात, लग्नात कुणाच्या हाताला प्लास्टर दिसलं की ती सरळ त्याच्याजवळ जाऊन बसायची. ओळख असो नसो. मला आधी अवघड वाटायचं, मग सवय झाली. पुढे काही वर्षांनी, मी लग्न होऊन जळगावला गेल्यावर, एकदा माहेरी आले होते. गल्लीतली एक सून पाणी भरताना घसरून पडली होती, मनगटच मोडलं होतं. कालच प्लास्टर घातलेलं. ती हात छातीशी धरून, तोंड बारीक करून ओट्यावर बसली होती. तिची सासू बाजूला उभी राहून सांगत होती, हालवू नको.

आई पायरी चढून गेली आणि सासूला म्हणाली, "अक्का, मनगट प्लास्टरमा शे ना? ते नही हालस. बाकी बठ्ठं हालू दे. डॉक्टरले बी इचारी ल्या."

सुनेनं घाबरून तिच्याकडे पाहिलं. आई तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"बोटं मिट, माय. आते उघड. अशी." आईनं स्वतःची करून दाखवली. "आते कोपर. आते बठ्ठा हात वर. हळू. जितला जाई तितला."

सुनेचा पांढरा हात हळूहळू वर गेला, खांद्याच्या वर, कानाच्या वर. तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं. ती हसली.

"आते खाले," आई म्हणाली. "मंग पुन्हा."